मामाचा गुडघा आणि बाळूची किक

आधीच सांगतो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, त्या पोटात घाला. नववीत शाळा सुटली आणि मी मामाच्या गादी कारखान्यात लागलो. शब्दही मला साधेच येतात. पण किस्से विचाराल तर आमच्याकडं ते कापसासारखे आहेत. कितीही झटका, घरी गेल्यावर शर्टाला दोन-चार चिकटलेले असतातच!

दुकान जालन्यात, मस्तगडला. वरच्या माडीवर तयार गाद्या भिंतींना लावून उभ्या केलेल्या असायच्या. अशा खोलीत टाळी वाजवली तर आवाज तिथंच मरतो. रेकॉर्डिंगला अशी खोली मुंबईत पैसे मोजून घेतात, असं मी ऐकलं होतं. आमची फुकट होती.

एक जुना कॉम्प्युटर, दोन माइक आणि आम्ही तिघं. इरफान गिटार वाजवायचा, ती पण जाड, फाटक्या आवाजाची, भिंत हलवणारी. बाळू वाटूरहून एसटीनं यायचा आणि ड्रम वाजवायचा. मला चार माणसांत बोलायची लाज वाटते, म्हणून रेकॉर्डिंग माझ्याकडं आलं. कॉम्प्युटरच्या मागं बसलं की तोंडाकडं कुणी बघत नाही. पण काम मला चांगलं जमायचं, हे लाजता लाजता सांगतो.

*

किक म्हणजे ड्रमच्या सेटमधला सगळ्यात मोठा ड्रम. तो पायानं वाजवतात. आमची किक घुमायची फार. आत काहीतरी मऊ कोंबलं की घुमणं थांबतं, म्हणून मी खालून एक नवी उशी आणून कोंबली.

ती रुखवताची निघाली! सहा उश्यांची ऑर्डर, आणि दोन दिवसांनी नवरीची आई दारात. मी उशी काढली, झटकली आणि पाच उश्यांच्या खाली लपवून दिली. बाई हुशार. एकेक उशी दाबून बघायला लागली. शेवटी बरोबर त्याच उशीवर थांबली.

"ही!" ती मामाला म्हणाली. "ही बघा कशी बराबर बसलीय. बाकीच्या पाच दगड हायेत. अशाच करून द्या."

पुढचे दोन दिवस बाळू उश्या बदलून बदलून किक वाजवत होता.

*

बाळूचे वडील तात्या. वाटूरला त्यांचा लग्नाचा बँड. मोठा ढोल गळ्यात अडकवून चाळीस गावं हिंडलेला माणूस. औरंगाबादच्या एका ग्रुपनं बाळूला ड्रमर म्हणून बोलावलं होतं. पण लग्नसराई तोंडावर आल्ती आणि तात्यांच्या बँडमध्ये दुसरा ढोल बाळूचाच.

"तू तिकडं जालन्यात काय वाजवतो, ते आधी ऐकव," तात्या म्हणाले. "तुझा पाय मला ऐकू आला तर जा. न्हाई आला तर कोट घाल अन् चल वरातीत."

ऐकवायचं कुठं? तर तात्यांच्या ट्रॅक्टरवर. बँडची गाडी तोच ट्रॅक्टर ओढायचा आणि टेपही त्याच्यावरच होता. आम्ही गाणं कॅसेटवर उतरवून घेऊन गेल्तो. तात्यांनी इंजिन चालूच ठेवलं. "आमचं ऐकणारं गिऱ्हाईक जनरेटरजवळ उभं असतं," म्हणाले.

माडीवर छातीत बसणारी किक ट्रॅक्टरवर गायब! नुसती गिटार आणि इंजिन.

"यात तू कुठं हायस?" तात्यांनी विचारलं.

बाळू म्हणाला, "मागं हाय, तात्या."

"वरातीत मागं बत्तीवाले असतेत!"

*

परत येताना एसटीत मी विचार केला. किकमध्ये दोन आवाज असतात. एक धप आणि एक टक. धप जिथं बसते तिथंच गिटारीचा जाड भाग बसलेला, आणि वरून इंजिनही तिथंच. एका गादीवर तीन माणसं झोपली की मधला दिसतच नाही. आवाज वाढवून उपयोग नाही, जागा करून द्यावी लागते.

म्हणून मी कॉम्प्युटरवर गिटारीच्या आवाजातला खालचा जाड भाग कापला. इरफाननं नुसती स्वतःची गिटार ऐकली आणि उभाच राहिला.

"ये क्या है दिगू? मेरे शेर का मच्छर बना दिया तूने!"

मला भांडता येत नाही. मी "थांब" एवढंच म्हणालो आणि ड्रमसकट सगळं एकत्र लावलं. गिटारीला बोटही लावलं नाही. इरफान डोळे मिटून ऐकत होता. गाणं संपल्यावर त्यानं माझ्या पाठीत एक धपका घातला.

"अब बढ़ाया ना? पहलेच बोला होता तो इतना कायको सुनना पड़ता?"

आजही तो सगळ्यांना सांगतो, "मैं डाँटा, तब जाके गिटार सुधरी."

*

धपला जागा मिळाली. आता टक पाहिजे होती, म्हणजे इंजिनावरूनही ऐकू येईल अशी. किकचा दांडा जिथं आपटतो तिथं काहीतरी कडक, पातळ चिकटवायचं. पुठ्ठा फाटला. प्लास्टिकची फाइल सोलून निघाली. मग कपाटावर मामाचा जुना एक्स-रे सापडला. एकदम पक्का माल! त्याचा चौकोन कापून टेपनं चिकटवला. आवाज असा आला की तिघंही हसायला लागलो. टक, टक, टक!

आठ दिवसांनी मामाला डॉक्टरनं सांगितलं, जुना एक्स-रे घेऊन या. मामानं दुकान पालथं घातलं आणि शेवटी एकेक पायरी धरत, कण्हत, माडीवर आले. बाळू वाजवत होता. मामा किकसमोर वाकले. चौकोनात त्यांचा गुडघा, आणि वाटीच्या बरोबर मधोमध पांढरा डाग पडलेला.

मी कॉम्प्युटरच्या मागं आणखी खाली सरकलो.

"कधीपासून हाणून राह्यले इथं?" मामा म्हणाले.

"आठ दिवस झाले, मामा," बाळू म्हणाला. "तीन ते पाच."

"तरीच!" मामा खाली बसले. "तरीच म्हणतो, दुपारी तीन वाजले की ठणकतो कसा!"

*

आणि हा शेवटचा.

लग्नसराईतली पहिली सुपारी दुसऱ्या दिवशी होती. आम्ही नवी कॅसेट घेऊन दुपारी वाटूरला तात्यांच्या शेतात गेलो. तात्यांनी ट्रॅक्टर चालू केला, वर पाय देऊन थोडा रेसपण केला. बाळूनं कॅसेट लावली आणि चाकाकडं बघत उभा राहिला. त्याच्या कानामागून घाम येत होता. औरंगाबादला जायचं की कोट घालायचा, ते त्या चार मिनिटांत ठरणार होतं.

तात्यांनी मडगार्डवर हात ठेवला. पहिलं कडवं गेलं. चेहऱ्यावर काहीच नाही. दुसरं कडवं लागलं. त्यांची बोटं पत्र्यावर हलायला लागली आणि मध्येच थांबली. त्यांनी टेप बंद केला.

"इथं तिसरी ठोक मागं पडली."

ती ठोक मला माहीत होती. एवढ्या गिटारीत कुणाला कळतंय, म्हणून सोडून दिली होती.

बाळूनं उडीच मारली. "चुकलो! दिग्या, मी चुकलो! तात्याला ऐकू आलं!"

"चुकला त्याचा आनंद करून राह्यलं हे गाढव," तात्या म्हणाले. त्यांनी कॅसेट काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि इंजिन बंद केलं. मग खिशावर हात ठेवला. "जा. पण मंग उद्या दुसरा ढोल कोण धरंल?"

त्यांनी बाळूकडं बघितलं.

"मागच्या टायमाला तुझा पाय ऐकू येत न्हव्हता. आता येऊन राह्यला. हे कुणी केलं?"

बाळूनं माझ्याकडं बोट केलं. मी लपायला कॉम्प्युटर शोधला, पण शेतात कुठला कॉम्प्युटर!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळूची एसटी औरंगाबादकडं गेली. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला होता, सगळं गाव रस्त्यावर. मी बाळूचा लाल कोट घातला, बाह्या चार बोटं आखूड. तात्यांनी ढोलाचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला आणि मला धरून बँडच्या एकदम पुढं उभं केलं.