वरातीची गाडी आणि जुने बोल्ट

तुमसरच्या गॅरेजात तो ड्रायव्हर मला एकदाच दिसला. लग्नसराईच्या जागरणांनी डोळे लाल झालेले. त्याची जुनी गाडी संध्याकाळी वरातीला जायची होती. चाकं बाहेर आलेली दिसावीत म्हणून नवरदेवाच्या भावानं चाकांच्या मागे स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, बसवायला लावले होते. त्यांच्या जाडीमुळे जुन्या बोल्टांवर नट जेमतेम दोन-तीन आटे चढत होते. लांब बोल्ट गॅरेजात नव्हते.

"चालते नं, काका! काहून भेऊन राहिले?" भाऊ म्हणाला.

"चाक निघालं तं तुहा भाऊ मंडपात नाही, दवाखान्यात जाईन, बापू." ड्रायव्हरनं जांभई दिली आणि स्पेसर काढायला घेतले.

भाऊ तणतणत दुसरी गाडी शोधायला गेला. ड्रायव्हरनं चाकं परत बसवली, एकेक नट पान्यानं आवळून पाहिला.

"भाडं गेलं नं तुमचं?" मी विचारलं.

"गेलं नं," तो मागचं दार उघडत म्हणाला. "आता झोपतो."