निरोगी माणसाची लाळ

लॅबमधले सगळे त्यांना थेंबकाका म्हणत, आणि तेही तोंडावर. पिपेट हातात आली की त्यांचा हात जरासुद्धा हलत नसे. नळीत जेवढा थेंब पडायला हवा तेवढाच पडायचा, रतीभर कमी नाही की जास्त नाही. बाकी कौतुक करावं असं त्यांच्यात फारसं काही नव्हतं. वय बावन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि चुकून कुणी टेबलावरचं पेन उचललं तर दोन दिवस अबोला. सव्वीस वर्षं एकाच खोलीत एकाच खुर्चीवर काढली की माणूस असा होतोच.

खोली हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर होती. खिडकी एकच, आणि कुण्या शहाण्याने नेमका तिच्यासमोरच फ्रीजर आणून ठेवलेला. वरच्या मजल्यावर तोंडाचे पेशंट तपासले जात आणि त्यांची लाळ बोटभर नळ्यांतून खाली काकांकडे येई.

लाळेत एन्झाइम असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकरं म्हणतात. त्यातलं एक एन्झाइम पेशींच्या भोवतीचं जाळं कुरतडतं. जखम भरून येताना शरीराला त्याची गरज असते. तेव्हा ते थोडं कुरतडतं आणि गप्प बसतं. कॅन्सरच्या हाती लागलं की मात्र त्याला धरबंध राहत नाही. ते जाळं खात सुटतं आणि झालेल्या वाटेने गाठ पुढे सरकते. एन्झाइम डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचं खाणं दिसतं. काका जिलेटिनच्या पातळ कापात शेजारी शेजारी घरं पाडून त्यांत लाळेचे थेंब सोडत, काप दिवसभर उबेत ठेवत आणि मग निळ्या रंगात बुडवत. जिलेटिन शाबूत असेल तिथे निळं, एन्झाइमने खाल्लं असेल तिथे पांढरा पट्टा. पट्टा जितका रुंद, तितकी एन्झाइमची भूक मोठी.

या एन्झाइमला वेसण घालील असं एक औषध लॅबच्या प्रमुख मॅडम सहा वर्षांपासून तपासत होत्या. साधं चूळ भरायचं औषध. ज्यांच्या गालात अजून नुसता पांढरा चट्टा आहे, त्यांचा गाल कापावा न लागता भागलं तर बघावं, एवढीच त्यांची इच्छा. अडचण एकच होती. निळा रंग रोज सारखा चढत नाही, त्यामुळे आजचा पट्टा कालच्या पट्ट्याशी ताडून उपयोग नसतो. म्हणून प्रत्येक कापाच्या शेवटच्या घरात एका निरोगी माणसाचा थेंब घालायचा आणि बाकीच्यांचे पट्टे त्याच्या पट्ट्याच्या किती पट रुंद आहेत, तो आकडा काढायचा. त्या एका मापावर सगळा कारभार.

आता ताज्या लाळेचा निरोगी माणूस रोज कुठून आणणार? मॅडमांची नजर खोलीभर फिरली आणि थेंबकाकांवर येऊन थांबली. काका कधी रजा घेत नसत. फॉर्मवर प्रश्न होता, ‘तंबाखू खाता का?’ मॅडम शेजारीच उभ्या, घाईत. काकांनी ‘नाही’वर खूण केली. दोन-चार दिवसांत दुसरं कुणी मिळेल, असं त्यांना वाटलं होतं.

तंबाखू ते खात होते. वीस वर्षांपूर्वी मुलगी झाली त्या दिवशी त्यांनी बायकोला शब्द दिला होता, तो कसाबसा दोन महिने टिकला. नंतर रोज चार-पाच वेळा चिमूटभर, डाव्या गालात, आणि घरी जायच्या आधी तीन वेळा चूळ. घरात कुणाला पत्ता लागला नाही. लपवाछपवीत माणूस किती मेहनती असतो, ते काकांकडे बघून कळलं असतं.

गेल्या वर्षी त्या गालात जिभेला काहीतरी खरखरीत लागायला लागलं. मग तिथे जखम झाली आणि ती काही भरेना. जेवताना ते उजव्या बाजूनेच चावू लागले.

“अहो, दाढ दुखतेय का तुमची?” बायकोने विचारलं.

“नाही. काही नाही.”

“दोन महिने बघतेय मी. तोंड उघडा, बॅटरी आणते.”

“तू कधीपासून दातांची डॉक्टर झालीस?”

 ती त्यांचं अर्धवट ताट उचलून घेऊन गेली. काकांना आपल्याच जिभेचा राग आला, पण तोंड त्यांनी उघडलं नाही. आता ते तसंही दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं.

त्याच सुमारास लॅबमध्ये आनंदीआनंद सुरू झाला. पेशंटांचे आकडे उतरायला लागले. औषध लागू पडत होतं! मॅडम गुणगुणत यायला लागल्या. काकाही खूश होते, एका शुक्रवारी सगळे तक्ते एकत्र लावीपर्यंत. चोवीस पेशंट. कुणी औषध सुरू करून दोन वर्षं झालेली, कुणी चार महिने. तरीही सगळ्यांची उतरण एकाच महिन्यात सुरू झाली होती. असं होत नसतं. काकांनी तक्ता उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. चोवीस तोंडं एकदम सुधारत नाहीत. ज्याच्याशी ताडायचं ते एकच माप वाढलं असेल तर मात्र चोवीस आकडे एकदम उतरतात.

शनिवारी अर्धी सुट्टी. सकाळी लवकर येऊन काकांनी फ्रीजरच्या तळातून सहा वर्षांपूर्वीची आपलीच नळी काढली. एक काप लावून उबेत ठेवला. त्यात एका घरात जुना थेंब, शेजारी आजचा. सगळे गेल्यावर, संध्याकाळी तो रंगात बुडवला आणि रंग उतरायची वाट बघत ते ट्रेसमोर बसले. पाणी बदललं. पुन्हा बदललं. निळं हळूहळू निवळायला लागलं. जुन्या थेंबाखाली केसाएवढी रेघ दिसली. आजच्या थेंबाखाली बोटाच्या पेराएवढा पांढराशुभ्र पट्टा होता.

असले पट्टे त्यांनी हजारांनी पाहिले होते. कुणाचे असतात, तेही त्यांना ठाऊक होतं.

हिरड्या सुजल्या तरी पट्टा वाढतो, असं मॅडमच एकदा म्हणाल्या होत्या. काकांनी ते वाक्य घट्ट धरलं. हिरड्याच असतील. पण मग जीभ आपोआप गालाकडे गेली आणि ते वाक्य सुटलं. खोलीत जीव गुदमरायला लागला. खिडकी उघडावी म्हणून ते उठले, फ्रीजरला दोन्ही हातांनी रेटलं, तो इंचभरही हलला नाही. बोलावं तर फॉर्मवरचं खोटं उघडं पडणार, मॅडमांची सहा वर्षं पाण्यात जाणार आणि घरी वीस वर्षांचा शब्द. गप्प राहावं तर गाल आहेच. काकांना ढसाढसा रडू आलं, आणि रडायलाही तोंड नीट उघडेना.

सोमवारी ते मॅडमांच्या दारात उभे राहिले. “मॅडम, जरा बोलायचं होतं.”

“अरे वा, मलाही! काका, आपला लेख जातोय. त्यात तुमचं नाव घालतेय मी, माझ्या नावाच्या शेजारी. तंत्रज्ञाचं नाव कुणी घालत नाही, पण तुमच्याशिवाय हे झालंच नसतं.” त्या हसल्या. “तुम्ही काय म्हणत होतात?”

“निळा रंग संपत आलाय,” काका म्हणाले.

मंगळवारी बसड्रायव्हर स्वतःच आपली नळी घेऊन खाली आला. चोवीस जणांतला हा सगळ्यांत बोलका. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, उजव्या गालात चट्टा, आणि तो चट्टा हल्ली कडक व्हायला लागलेला. गुरुवारी त्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नळी देऊन झाल्यावरही तो गेला नाही. स्टूल ओढून काकांसमोर बसला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“ऑपरेशन नको म्हणून सही करायचीय,” तो म्हणाला. “सर्जन म्हणतात कापा. पण औषध लागू पडतंय तर गाल कशाला कापून घेऊ? बायको म्हणते घाई करू नका, आधी विचारा. वर सगळे इंग्रजी झाडतात. तुम्ही आपले रोज ते पट्टे बघता. तुम्हीच सांगा, काका. माझा आकडा उतरलाय ना?”

त्याने पेनाचं टोपण काढलं आणि थांबला.

हो म्हणणं सोपं होतं. तक्त्यावर तसंच लिहिलेलं होतं. एक अक्षर, आणि हा माणूस खुशीत घरी जाईल, त्याचा कडक चट्टा सोबत घेऊन. काकांनी त्याच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. मग हातातली पिपेट खाली ठेवली.

“नाही,” ते म्हणाले.

“नाही म्हणजे?”

“तुमचा आकडा उतरलेला नाही. माझा चढलाय.”

 मग काकांनी सगळं सांगितलं. शेवटच्या घरात कुणाचा थेंब असतो, बाकीचे कसे ताडले जातात, फॉर्मवर कुठे खूण केली होती. सांगताना आवाज चढला होता, तो त्यांना आवरता आला नाही. “सही करू नका. गुरुवारी जा. औषधाचं खरंखोटं कुणालाच माहीत नाही, माझ्यामुळे. सहा वर्षं निरोगी माणूस म्हणून मी थुंकतोय, आणि मला—”

 त्यांनी डाव्या गालावर बोट ठेवलं.

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मॅडम दारात उभ्या होत्या, पायाशी कागद विखुरलेले. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ड्रायव्हरने पेनाला टोपण लावलं. “कुणाला दाखवलंत का?” त्याने विचारलं.

काकांनी नकारार्थी मान हलवली.

“एवढे पट्टे बघता आणि स्वतःचं दाखवलं नाहीत?”

“नाही.”

ड्रायव्हरने कागद फाडून खिशात कोंबला, उठला आणि काकांच्या दंडाला धरलं. “उठा. वरचे डॉक्टर एकपर्यंत असतात.”

काका उठले, पण पाऊल पुढे पडेना. ते मॅडमांकडे बघत होते. त्यांची माफी मागायची होती. मॅडमांनी पायाशी पडलेले कागद गोळा केले. मग त्या दारातून बाजूला झाल्या.