मिशीच्या अलीकडचे स्वेटर

चौऱ्याण्णव साली इस्लामपूरच्या मनुबाईंकडे स्वेटर विणायचं मशीन आलं, तेव्हा बघायला सगळी गल्ली लोटली होती. वर्षभरात गल्लीतल्या प्रत्येक लहान मुलाच्या अंगावर मनुबाईंचा स्वेटर चढला आणि मग गिऱ्हाईक संपलं. मशीनवर चादर पडली. चादरीवर इस्त्रीचे कपडे आले, कपड्यांवर पापडांची परात. फौजेतून पेन्शन घेऊन आलेले त्यांचे यजमान नाथाजी येताजाता म्हणायचे, "दिवाळीपत्तुर काम लागलं तर ठीक, न्हाईतर इकायचं आन् पिठाची गिरणी घ्यायची. फायनल!"

गिरणीच्या धास्तीनंच मनुबाईंनी पेपरातली सूचना कापून ठेवली. पाचगणीच्या एका निवासी शाळेला मुलांसाठी लोकरी स्वेटर हवे होते. दर बंद पाकिटात कळवायचे होते. मुलं म्हटल्यावर मनुबाईंच्या डोळ्यांपुढे गल्लीतलीच मुलं आली. शेजारच्या चार वर्षांच्या वीरधवलच्या मापाचा लाल स्वेटर त्यांनी नमुना म्हणून विणला, सगळ्या मुलांसाठी स्वेटरमागे एकच दर लिहिला आणि एसट्या बदलत शाळा गाठून पाकीट पेटीत टाकलं. पेटी जेवणाच्या सुट्टीनंतर उघडणार होती.

घंटा झाली. आधी छोटी मुलं धावत आली. मनुबाई कौतुकानं हसल्या. मग त्यांचे बाप यावेत तशी मोठी आली. एकाला तर दारातून वाकून बाहेर पडावं लागलं.

"हे मास्तर व्हय वो, मामा?" त्यांनी पेटीशेजारी बसलेल्या कोंडीबा शिपायांना विचारलं.

"कुटलं मास्तर! धावीतली पोरं हायती."

"स्वेटर ह्यांनाबी?"

"मग! थंडी काय मिशी बघून माघारी जातीया?"

त्या वाकलेल्या पोराच्या एका बाहीत वीरधवलचा अख्खा स्वेटर मावला असता. या दरात काम मिळालं तर लोकरीपायी मशीन विकायची पाळी. नाही मिळालं तर गिरणी ठरलेलीच.

"मामा, माजं पाकीट तेवढं काढा की."

"आवं बाई, आत पडल्यालं भाईर काढाय बंदी हाय. दुसरं टाकायला न्हाई."

"मग टाकते दुसरं."

"टाका. पर मागनं आल्यालं कुटलं, ते आतल्यांना कळायचं कसं?"

मनुबाईंनी समोरच्या दुकानातून कागद-पाकीट आणलं आणि पायरीवर बसून लिहिलं, 'माझे आधीचे पाकीट रद्द समजावे. ते मुले बघायच्या आधी लिहिले होते. मिशी न फुटलेल्यांचा दर तोच. मिशी फुटलेल्यांचा निराळा, खाली दिला आहे.' मग पिशवीतली उरलेली लाल लोकर पाकिटाला गुंडाळून गाठ मारली. "लाल गाठीचं ते मागनं आल्यालं. सांगा आत."

सुट्टीनंतर आतून हसण्याचा आवाज आला. मनुबाईंना बोलावणं आलं.

"मिशी म्हणजे नक्की किती, मनुबाई?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

खेळाच्या सरांनी मध्येच तोंड घातलं. "आमचा सातवीतला एक आहे. उंची या टेबलाएवढी, पण मिशी आहे. त्याला कुठला दर?"

"लहानाचाच, सर. त्याची मिशी फुकट."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "मोठ्यांचे स्वेटर पुण्याचं दुकान स्वस्तात देतंय. लहानांचा दर मात्र तुमचा चांगला आहे. ते तुम्हीच करा."

मनुबाईंनी हात जोडले. खाली उतरताना तो वाकणारा पोरगा कट्ट्यावर बसलेला दिसला. एवढी लांबरुंद पाठ पुण्याला गेली म्हणून त्यांना उगीच चुटपुट लागली.

घरी पोचल्या तर नाथाजी दारातच. "मिळालं का?"

"निम्मं."

"निम्मं? म्हंजी कसलं?"

"मिशीच्या अलीकडचं," मनुबाई म्हणाल्या. त्या तशाच आत गेल्या, मशीनवरची परात उचलली आणि त्यांच्या हातात दिली. "आवं, बघत काय ऱ्हायलाय? धरा. आजून कपडं हायती."