साडेतीन सेंटिमीटर

कोपरच्या पंढरी म्हात्रे सरांच्या क्लासात बलाचा बाण प्रमाणातच काढावा लागे. एक सेंटिमीटर म्हणजे दहा न्यूटन. पेन्सिलीला टोक नसलेल्या मुलाला सर माणसात जमा धरत नसत. पट्टीची कड झिजलेली असते म्हणून शून्याऐवजी एकपासून मोजायचं, आणि मोजल्यावर बाणाच्या दोन्ही टोकांशी बारीक खूण करायची, असा त्यांचा दंडक. दहावीची पहिली चाचणी मात्र अकरा वर्षं तीच होती. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. न्यूटन तरी कुठे बदलला होता?

यंदा झेरॉक्सवाल्याने कागद वाचवायला दोन पानं एका पानावर बसवली. बाण आखडले. अक्षर जरा बारीक आलंय, एवढंच सरांनी पाहिलं.

एका प्रश्नात छापलेला बाण मोजून बल किती ते लिहायचं होतं. तेवीस मुलांनी उत्तर लिहिलं, पन्नास न्यूटन. नव्याने आलेल्या शिवानीने लिहिलं, पस्तीस. तिचे वडील धाकू रिक्षा चालवत. पोरीला पुढे सायन्सला घालावं का, हे त्यांनी सरांवर सोपवलं होतं. पेपर तपासून सर म्हणाले, "तिला पट्टीसुद्धा वाचता येत नाही हो. कॉमर्सच बघा." धाकूंनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शिवानी पेपर घेऊन हजर. "सर, मी पाच वेळा मोजलं. साडेतीनच येतंय."

"अगं, एकपासून मोजलंस का?"

"हो सर."

सरांनी सुस्कारा सोडला आणि तिला शिकवायचं म्हणून पट्टी लावली. साडेतीन. चष्मा पुसून पुन्हा लावली. साडेतीन. मग त्यांनी बाकीचे तेवीस पेपर काढले. एकाही बाणाच्या टोकाशी खूण नव्हती. आधीच्या बॅचकडून आलेलं उत्तर मुलांनी पाठ करून लिहिलं होतं, आणि सरांनाही ते पाठच असल्यामुळे त्यांनी पैकीच्या पैकी दिले होते. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते तसेच चालत रिक्षा स्टँडवर गेले. "धाकूभाऊ, पोरीला सायन्सला घाला."

"अहो सर, कालच तर तुम्ही नको म्हणालात. घरी सांगितलं तर जेवली नाय ती. पट्टी घेऊनच बसलेली."

"बरोबर बसलेली," सर म्हणाले. "अख्ख्या क्लासात मोजलं ते फक्त तिने. मीपण नाही."