मधे बांध असलेली गिटार

वाजवणाऱ्यांच्या घरी दोन गोष्टी आपोआप साठतात. एक तुटलेल्या तारा, दुसरे किस्से. तारा कधीतरी भंगारात जातात. किस्से कुणी नेत नाही, उलट चहाला येणारा आणखी एक ठेवून जातो! आमच्या बँडला तर गाणी थोडी यायची आणि किस्से फार.

बँड म्हणजे आम्ही तिघं. गिटारवर दत्ता, दहिवलीच्या शेतकऱ्याचा एकुलता एक. क्लॅरिनेटवर सखानाना, ज्यांची उमर लग्नाच्या वराती वाजवण्यात गेली. आणि ड्रमवर मी. पावसाळा सोडला तर शनिवार-रविवार माथेरानच्या एका हॉटेलात वाजवायचो. हॉटेलची मालकीण खुर्शेदबाई जॅझची वेडी. जॅझ नावाचं काही असतं हे आम्हाला तिच्याच रेकॉर्डी ऐकून कळलं.

दत्ताला तर त्याचा नादच लागला. तो वाजवायला लागला की खांद्यापासून गुडघ्यापर्यंत डोलायचा. गिटारही त्याच्याबरोबर झुलायची. एकदा मी म्हटलं, "अरे, जरा स्थिर बस की!" तर बसला, आणि एक सूर धड लागेना!

* * *

जॅझ म्हणजे काय, हे दत्तानं नानांना सोपं करून सांगितलं होतं. "नाना, गाणं तिघांनी मिळून सुरू करायचं. मग एकेकानं मनाला येईल तिकडं फिरून यायचं. शेवटाला पुन्हा तिघांनी एकत्र यायचं."

नाना म्हणाले, "फिरायला काय, कुटंबी जाईन. पन थांबायचं कवा, त्ये सांग."

"तुमाला वाटंल तवा थांबा."

इथेच घोळ झाला. वरातीच्या बँडाचा नियम एकच असतो. नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत वाजवत राहायचं आणि तो उतरला की तिथल्या तिथं थांबायचं. नाना आयुष्यभर तेच करत आलेले.

पहिल्याच शनिवारी नाना फिरायला निघाले ते परत येईनात. मी आणि दत्ता मागून ठेका धरून दमलो. नाचणारी जोडपी दमून खुर्च्यांवर बसली. नाना चालूच! आणि अचानक, ऐन वरच्या सुरावर, कापल्यासारखे थांबले.

मी खिडकीबाहेर पाहिलं. एक जाडसर पाहुणा व्हरांड्यासमोर घोड्यावरून उतरत होता.

तेव्हापासून बाईनं आमच्या बाजूच्या खिडकीला पडदा लावला.

* * *

दत्ताची जुनी गिटार आतून सगळी पोकळ होती. तिला वायर जोडून त्यानं ती इलेक्ट्रिक केली होती. सूर गोड, अगदी गुळाच्या पाकासारखा. पण अँप्लिफायर जरा मोठा केला की त्याचा आवाज गिटारच्या पोटात शिरायचा, पोट थरथरायचं, आणि गिटार आपली आपणच किंचाळायची.

मेच्या शेवटच्या शनिवारी हॉल गच्च भरलेला. ऐकू जावं म्हणून दत्तानं आवाज वाढवला, आणि गिटारनं जी शिट्टी मारली, विचारू नका! त्यानं आवाज कमी केला. पुन्हा वाढवला, पुन्हा शिट्टी. असं बऱ्याचदा झालं.

जेवायला पानं मांडली तर भात कच्चा! बाई स्वयंपाकघरात गेली. आचारी म्हणाला, "बाई, कुकरच्या शिट्ट्या मोजून मीच उतरवला!"

गिटार रडली, ते बाईनं चालवून घेतलं असतं. भाताचं नाही चालवलं. तिनं दत्ताला बोलावलं. "डिकरा, दिवाळी सीझनच्या आदी मी परत ऐकनार. तुजा गिटार असाच बोंबलला तर मुंबईचा बँड आननार. समजला?"

दत्ता घरी आला. वडिलांना, म्हणजे तात्यांना, त्यानं सगळं सांगितलं. तात्यांचंही ठरलेलं होतं. "बाईनं ठेवलं तर वाजव. मी आडवा येनार नाय. नाय ठेवलं तर दिवाळीनंतर मोहोपाड्याला मामाकडं. त्यो कंपनीत चिकटवतोय. मंग शनवार नाय आन् आयतवार नाय, शिफ्ट."

दत्ता त्या दिवशी जेवला नाही. मला त्याची फार कीव आली. कारण हा पोरगा कंपनीत गेला असता तर तिथंही मशीनच्या ठेक्यावर डोलत बसला असता, आणि ते बरं झालं नसतं.

* * *

मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या एका ओळखीच्याकडे भरीव गिटार होती. आत पोकळी नाहीच, सगळी लाकडाची फळी. ती किंचाळत नाही, असं ऐकून दत्तानं चार दिवस मागून आणली. खरंच किंचाळेना! पण जॅझचा तो गोड घुमारा कुठून येणार? पाटावर चमचा आपटल्यासारखा सूर.

तरी ती घेऊन आम्ही खालापूरला एका लग्नात वाजवायला गेलो. जेवणं चाललेली, दत्ता रंगात आलेला, आणि लाइट गेले.

पोकळ गिटार असती तर थोडं तरी ऐकू आलं असतं. फळीतून काय येणार! मी वाजवतोय, नाना वाजवताहेत, आणि मधे दत्ता डोळे मिटून डोलतोय, बोटं भराभर पळताहेत, आवाज शून्य. लाइट गेल्याचं त्याला कळलंच नव्हतं!

पंगतीतल्या एका म्हातारीनं बत्तीच्या उजेडात त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग शेजारणीला म्हणाली, "त्याला खाजवाया लागलंय गं. कुनीतरी खोबऱ्याचं त्याल द्या रं त्याला!"

दत्तानं दुसऱ्याच दिवशी गिटार परत केली.

* * *

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! पोकळ घ्यावी तर किंचाळते, भरीव घ्यावी तर घुमत नाही. शेवटी कुणीतरी सांगितलं, की मधे भरीव आणि दोन्ही बाजूंना पोकळ अशीही एक गिटार असते. मुंबईतल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानात ती आली होती.

तात्यांनी म्हशीची पारडी विकली, आणि अट घातली, की वस्तू मी बघून घेणार. मडकं असो, बैल असो की फणस, तात्यांनी वाजवून, चाचपून पाहिल्याशिवाय घरात काही येत नसे.

दुकानदारानं गिटार काउंटरवर ठेवली. तांबूस रंगाची, अंगाला दोन्ही बाजूंनी लांबट, वळणदार भोकं. दत्ता तिच्याकडे बघतच राहिला. तात्यांनी ती उपडी केली आणि फणसावर मारतात तशा टिचक्या मारल्या. कडेला टण्, मधे भद्द, पुन्हा कडेला टण्.

"मधी काय भरलंय?" तात्यांनी विचारलं.

"काका, मधे वरपासून खालपर्यंत लाकडाचा ठोकळा आहे. त्यामुळे ही किंचाळत नाही. बाजूला पोकळ, म्हणून घुमते."

सांगण्यावर विश्वास ठेवतील तर ते तात्या कसले! त्यांनी बिडी पेटवली, खोल झुरका घेतला, एका भोकाला तोंड लावलं आणि सगळा धूर आत सोडला.

दुकानदार ओरडला, "अहो काका, चिलीम नाही ती!"

तात्यांचं लक्ष दुसऱ्या भोकाकडे. तिथून काही येईना. धूर फिरून त्याच भोकातून तात्यांच्या नाकातोंडात आला. तात्या खोकले, डोळे पुसले आणि खुशीत म्हणाले, "दत्ता, घे ही. दोन खाचरं हायती आन् मधी बांध. हिकडचं पानी तिकडं जात नाय!"

मग दत्तानं ती वाजवली. तात्यांनी घासाघीस न करता पैसे मोजले. इतकी ती चांगली वाजली.

* * *

पाऊस सुरू झाला. दुकानदारानं बजावलं होतं, हिला दमट हवा लागू देऊ नका. दत्ताच्या आईनं, आमच्या काकीनं, गिटार गोधडीत गुंडाळली आणि चुलीवरच्या माळ्याला टांगली. नवी वस्तू मोठ्या दिवसासाठी राखायची, म्हणून दत्तानं पावसाळाभर सराव जुन्या गिटारवरच केला. नवीला हातही लावला नाही.

दसरा झाला, बाईचा निरोप आला. दत्तानं गोधडीसकट गिटार खांद्याला मारली आणि आम्ही वर गेलो. खुर्शेदबाई हॉलमधे एकटीच बसलेली. दत्तानं गोधडी सोडली, वायर जोडली, सूर लावला. मग वाजवायला उभा राहिला आणि जरासा हलला.

सळ्ळ!

दत्तानं पटकन तारांवर हात ठेवला. आत काहीतरी तुटलं, असं त्याला वाटलं. मलाही तेच वाटलं. पण बाईनं हात वर केला, "चालू!"

दत्तानं सुरू केलं. गिटार घुमली. आवाज वाढवला, तरी शिट्टी नाही. दत्ता घाबरून ताठ उभा होता. पण पोरगा किती वेळ ताठ राहणार? नानांनी सूर धरला, मी ठेका दिला, आणि दत्ता डोलायला लागला. सळ्ळ-छक, सळ्ळ-छक! गिटारच्या आतून, अगदी ठेक्यात! थांबायची सोय नव्हती, मोहोपाडा डोळ्यांसमोर होता. आम्ही गाणं शेवटापर्यंत नेलं.

बाई उठून जवळ आली. आम्हाला एकेक करून पाहिलं. "तीनच दिसते. छक-छक वाजवते तो चौथा कुठे हाय? फर्स्ट क्लास वाजवते!"

दत्तानं गिटार उपडी केली. दोन्ही भोकांतून चार-चार वाल टपाटप पडले. आपले कडवे वाल!

बाईनं एक दाणा उचलून पाहिला, परत भोकातून आत टाकला आणि म्हणाली, "डिकरा, सीझन तुजा. पन हे काडायचा नाय!"

धावत घरी आलो. काकी दारातच उभी. भात कापून झालेलं, शेतातली ओल उडून चाललेली, वाल पेरायची घाई. "आलास का रं? आन ती गिटार. बियानं हाय त्यात माजं."

"आई, गिटारमधे बियाणं?"

"मंग कुटं ठेवू? येवडी कोरडी जागा, उंदीर शिरत नाय आसं भोक, आन् आत रिकामं! पुरचुंड्या बांधून दोन्हीकडं सारल्या हुत्या. सुटल्या असत्याल."

दत्ता गिटार मांडीवर घेऊन ओट्यावर बसला. बाई म्हणते काढायचं नाही. आई म्हणते आत्ताच्या आत्ता काढ. एकीचं ऐकावं तर सीझन जातो, दुसरीचं ऐकावं तर पीक जातं. रडवेला झाला होता बिचारा.

तात्या गोठ्यातून आले. सगळं ऐकून घेतलं. बिडी पेटवली.

"येवडं काय त्यात? मधी बांध हाय ना! हिकडचं पेराया काड. तिकडचं वाजवाया ऱ्हाऊ दे."