दोन विहिरींची एक बाटली

शिरपूरकडच्या त्या आबांनी प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढल्या आणि बाटली उपरण्याने पुसून पुढे केली. जनुकं वाचून पाण्यातले जीवाणू ओळखणं हे माझं काम. गावाची एक आणि त्यांच्या वस्तीची एक, अशा दोन विहिरींचं पाणी मी मागवलं होतं. बाटली एकच होती.

"दोन्हीसनं पानी एकमा करी आनं," ते खाली बघत म्हणाले. "आमनीच इहिरमा जंतू निंघनात ते गाव म्हनी, हाई यासनीच घान शे."

नियमावर बोट ठेवून मी त्यांना परत पाठवलं. पुढच्या खेपेला त्यांनी दोन बाटल्या आणल्या. दोन्हींत तेच जीवाणू निघाले. मला वाटलं, बरं झालं.

अहवालावर गावाचं उत्तर आलं: "वस्तीचे जंतू आमच्या विहिरीत कसे आले, ते कळवावे."