उजव्या पायाचा ठेका

आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये मी युफोनियम हे पितळी फुंकवाद्य वाजवतो. गॅदरिंगला सगळ्या बँडच्या साथीने मला एकट्याने एक चाल वाजवायची होती. मी आमच्या गावच्या जाखडी नाचाची चाल निवडली. गणपतीत मुंबईहून आलेले बाबा आणि काका तिच्यावर गोल धरून नाचतात. बँडचे सर म्हणाले, "गावठी वाटेल रे. एखादी इंग्रजी धून घे."

त्या संध्याकाळी पावस गावाकडे जाणाऱ्या एसटीत वाद्य मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या अनोळखी आजोबांनी पितळेवरून हलकेच बोट फिरवलं.

"काय वाजवतस ह्याच्यावर?"

मी सगळं सांगितलं आणि चाल गुणगुणून दाखवली. लगेच त्यांचा उजवा पाय ठेका धरू लागला. जाखडीत घुंगरांचा चाळ त्याच पायात बांधतात.

"आजोबा, तुम्ही नाचायचात?"

"गुडघं गेलं तवर नाचलो."

"मग हीच वाजवू ना?"

"नको रं बाला. शिकलेली मानसं हसतील. तुझं सर सांगतात ता बरोबर हाय."

मला संताप आला. आजोबांवर रागावणं शक्यच नव्हतं. पण ज्या चालीवर यांचा पाय अजून थांबत नाही, तिची लाज यांना कोणी शिकवली? उतरेपर्यंत ते मला "नको" म्हणत होते आणि पाय ठेका धरूनच होता.

सकाळी सरांकडे गेलो.

"सर, मी जाखडीच वाजवणार. ज्यांना हसायचंय, त्यांना समोर बसून हसू देत."